श्वानाचा बारमाही चातुर्मास

गृहस्थाच्या घरीं शिजलेल्या अन्नावर केवळ घरच्या माणसांचाच हक्क नसतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणांत कुत्र्याचा भाग निराळा काढावयाचा असतो. श्राद्धाच्या पंचबलींत गाय, कावळा, देव आणि मुंगी यांच्या पंक्तीस श्वानही बसतो. दत्तात्रेयांच्या तसबिरींत चार कुत्रीं असतातच. युधिष्ठिरानें तर सोबत आलेल्या कुत्र्यास मागें टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्याचें साफ नाकारलें. पाणिनीसारख्या काटेकोर वैयाकरणानेंही श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष इंद्र, यांस एकाच सूत्रांत बसविलें आहे. इतका मान असूनही या पंक्तीच्या सोबत्याला काय वाढावें आणि काय वाढूं नये, याचा विचार आपण क्वचितच करतों. उरलें तें कुत्र्याला, हा आपला सर्वसाधारण नियम. या नियमांत आजच्या काळीं कोणता धोका शिरला आहे आणि कुत्र्याचा खाऊ घरीं करावयाचा झाल्यास कोणते जिन्नस निर्धास्तपणें घ्यावेत, हें आमच्या घरच्या अनुभवाच्या आधारें सांगावें असा या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर मुळशी तालुक्यांत, पौडाहून धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. मुळशीचें नांव ऐकतांच मागच्या पिढीस सेनापति बापट आणि १९२१ ते १९२४ मधील सत्याग्रह आठवे; तेंच नांव ऐकून आजच्या तरुणांस ताम्हिणी घाटांतील धबधबे आणि शनिवार-रविवारचीं विश्रामस्थानें आठवतात. काळाचा महिमा, दुसरें काय? परंतु पाहुण्यांच्या मोटारी परत फिरल्या कीं उरतें तें मूळचेंच मुळशी: चार महिने न खळणारा पाऊस, खाचरांतला आंबेमोहोर, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींतली नाचणी-वरई, आणि अंधार पडला कीं वस्तीच्या कडेपर्यंत येणारा बिबट्या.

या शेवटच्या पाहुण्यामुळेंच आमच्या घरांत कुत्र्याच्या खाऊचा प्रश्न निघाला. आमचा चंद्या कांहीं नामांकित कुळांतला नव्हे. कपाळावर पांढरा ठिपका असलेला, अंगानें शिडशिडीत, १६ किलो वजनाचा साधा गांवठी कुत्रा. दिवसभर त्यानें खाचरांच्या बांधांवरून हिंडावें, त्याला आमची ना नाहीं. पण तिन्हीसांजेस तो घरांत आलाच पाहिजे. बिबट्याला कुत्रें किती प्रिय असतें हें खेड्यांतल्या माणसास सांगावयास नको. तरी अकोले तालुक्यांत झालेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणींत, तेथील बिबट्यांच्या आहाराचा वजनाच्या हिशेबानें शेंकडा ३९ इतका भाग कुत्र्यांचा असल्याचें आढळलें, हा आंकडा डोळ्यांत भरण्यासारखा आहे. हांक मारून आमचा चंद्या येईलच असा भरंवसा नाहीं. डब्यांत खाऊ वाजला कीं मात्र तो असेल तेथून धांवत येतो. तेव्हां आमच्या घरीं कुत्र्याचा खाऊ हा लाडाचा प्रकार नसून संरक्षणाचा उपाय आहे. आणि जी वस्तु रोज न चुकतां पोटांत जावयाची, ती निर्दोष असलीच पाहिजे, हें ओघानेंच आलें.

तयार बिस्किटें बाजारांत हवीं तेवढीं मिळतात. कुत्र्यांसाठीं खास बिस्किटें भाजून विकण्याची युक्ति जेम्स स्प्रॅट नांवाच्या एका अमेरिकनास सुचली व १८६० च्या सुमारास त्यानें लंडनमध्यें तो धंदा मांडला. तेव्हांपासून या व्यवसायाचा विस्तार जगभर झाला आहे. बाजारचा सर्वच माल वाईट असें मी म्हणत नाहीं. परंतु २००७ सालीं अमेरिकेंत चीनहून आलेल्या गव्हाच्या सत्त्वांत मेलामाईन नांवाचें रसायन मिसळल्याचें उघडकीस आलें, अनेक कुत्र्या-मांजरांचीं मूत्रपिंडें त्यानें निकामी झालीं, आणि कित्येक कंपन्यांना आपला माल परत घ्यावा लागला. जें आपण आपल्या हातानें निवडलें, दळलें आणि भाजलें, त्याबद्दल मनास जी खात्री असते ती विकतच्या पुडक्याबद्दल कशी असणार? म्हणून घरींच खाऊ करण्याचें आम्हीं ठरविलें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. ‘घरचें तें चांगलें’ हें सूत्र माणसांपुरतें बहुधा खरें असतें. कुत्र्याच्या बाबतींत तें अर्धेंच खरें आहे. आपल्या स्वयंपाकघरांतील कित्येक सात्त्विक, पौष्टिक आणि देवाच्या नैवेद्यास चालणारे पदार्थ कुत्र्याच्या शरीरांत विषाप्रमाणें वागतात. हें आम्हांस पुस्तकांतून कळण्यापूर्वीं शेजारीं घडलेल्या एका दुःखद प्रसंगानें कळलें. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगास सुटीपुरतें येऊन राहणारें एक कुटुंब आहे. त्यांची सहा वर्षांची एक गुणी कुत्री होती. एकदां घरांतील सर्व मंडळी अंगणांत असतां तिनें टेबलावरचा द्राक्षांचा घड खाऊन टाकला. फळच तें, त्यानें काय होणार, असें सर्वांस वाटलें. रात्रीं तिला वांत्या झाल्या. दुसऱ्या दिवशीं ती मलूल पडली. तिसऱ्या दिवशीं तिची लघवी बंद झाली. तिला पुण्यास नेलें तेव्हां वेळ टळून गेली होती. त्या घरच्या लहान मुलीनें पुढें कित्येक महिने द्राक्षास हात लावला नाहीं.

द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचें मूत्रपिंड निकामी होऊं शकतें, ही गोष्ट पशुवैद्यांच्या ध्यानांत येऊन फार काळ लोटलेला नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील पशुविषबाधेच्या नोंदींवरून ती प्रथम स्पष्ट होऊं लागली. त्यांतही चमत्कार असा, कीं एखादा कुत्रा ओंजळभर द्राक्षें खाऊन ठणठणीत राहतो, तर दुसरा थोडक्यांत प्राणास मुकतो. त्यामुळें ‘इतकीं चालतील’ असें सुरक्षित प्रमाण बांधतां येत नाहीं. दोष कोणत्या द्रव्याचा, हें कोडें बरेच दिवस सुटत नव्हतें. २०२१ सालीं तेथील कांहीं पशुवैद्यांनीं असा तर्क मांडला, कीं द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हेंच या अनर्थाचें मूळ असावें. या आम्लाचें प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणें आणि पिकण्याप्रमाणें बदलतें, त्यामुळें परिणामही कमीजास्त होतो. आतां हें आम्ल भरपूर असणारें दुसरें फळ कोणतें, असें विचाराल तर तें आहे आपली चिंच! चिंच खाल्ल्यानें कुत्र्यांना तसाच मूत्रपिंडाचा विकार झाल्याचीं उदाहरणें २०२२ सालीं प्रसिद्धही झालीं. नाशिकचीं द्राक्षें, तासगांवचे बेदाणे आणि परसांतली चिंच, या तिहींवर महाराष्ट्रीय स्वयंपाकघराचें किती प्रेम आहे हें वाचकांस ठाऊकच आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यांत बेदाणे असतात, बेसनाच्या लाडवावर बेदाणा टोंचलेला असतो, आणि आमटींत चिंचेचा कोळ असतो. प्रसाद नाकारूं नये हें खरें. पण तो कुत्र्यासही दिलाच पाहिजे असें कोठें सांगितलें आहे?

या प्रसंगानंतर माझ्या धाकट्या जावेच्या मुलानें, जो महाविद्यालयांत शिकतो, कुत्र्यास वर्ज्य असलेल्या पदार्थांचा एक तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. आणि तेथूनच आमच्या घरांत खरा वाद सुरू झाला. माझ्या सासूबाई त्या वेळीं ८२ वर्षांच्या होत्या. जेवावयास बसल्यावर पहिला घास कुत्र्यासाठीं काढून ठेवावयाचा, हा त्यांचा सासरीं आल्या दिवसापासूनचा नेम. तो तक्ता पाहून त्या मला म्हणाल्या, “सूनबाई, आयुष्यभर मीं आधीं कुत्र्याला घास घातला आणि मग जेवलें. किती कुत्रीं आलीं नि गेलीं. माझ्या घासानें एकालाही बाधलें नाहीं. आतां या वयांत भिंतीवरचा कागद वाचून मीं हात आंखडता घ्यायचा?”

मला उत्तर सुचेना. घरांतील तरुण मंडळी आजींस अडाणी समजतात असें त्यांच्या मनानें घेतलें होतें, आणि ज्या हातानें साठ वर्षें अन्न वाढलें त्या हातास ‘थांबा’ म्हणणें हें मलाही अनुचित वाटत होतें. दुसऱ्या बाजूस शेजारच्या कुत्रीचें मरण डोळ्यांसमोर होतें. अशा वेळीं एक पक्ष जिंकून दुसरा हरला, तर एकत्र कुटुंबांत ती जीत फार महाग पडते. मीं एवढेंच केलें, कीं सासूबाई रोज चंद्याला काय घालतात तें आठ दिवस लिहून ठेवलें व चंद्यास टोंचण्यासाठीं पुण्यास नेलें तेव्हां तो कागद पशुवैद्यांस दाखविला. त्यांनीं तो वाचला आणि हंसून सांगितलें, “आजींच्या घासांत भय नाहीं. वरण-भात, भाकरीचा तुकडा, ताकांतला भात, यांत वाईट काय आहे? मीठ आणि तूप थोडें कमी असावें, इतकेंच. भय आहे तें तुमच्या नव्या डब्यांत.”

हें वाक्य मला फार मोलाचें वाटलें. सासूबाईंचा अनुभव खोटा नव्हता. परंतु तो ज्या स्वयंपाकघराचा होता तें स्वयंपाकघर आतां राहिलेलें नाहीं. त्यांच्या तरुणपणीं घरांत कांदा-लसूण क्वचित शिरे, बेदाणे मोजून आणले जात, आणि चॉकलेट ही वस्तु आमच्या खेड्यांत कोणी पाहिलेली नव्हती. तो घास निर्दोष होता याचें कारण तें घरच निर्व्यसनी होतें. आज आपल्या फडताळांत देशोदेशींचे जिन्नस आले आहेत. तेव्हां जुना नेम पाळावयाचा तर नवें पथ्यही पाळलें पाहिजे.

पथ्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चातुर्मास येतो, आणि कुत्र्याच्या पथ्याचा पहिला धडा चातुर्मासाचाच आहे. कांदा आणि लसूण हे कुत्र्यास बारा महिने वर्ज्य. या वर्गांतील वनस्पतींत असलेलीं गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींवर आघात करतात. पेशी फुटूं लागतात आणि जनावरास पांडुरोग होतो. शरीराच्या वजनाच्या शेंकडा अर्ध्या भागाहून अधिक कांदा एका वेळीं पोटांत गेल्यास विषबाधेचीं लक्षणें दिसतात असा पशुवैद्यांचा अनुभव आहे. आमच्या १६ किलोच्या चंद्याच्या हिशेबानें हें प्रमाण ८० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा! थोडाथोडा कांदा रोज जात राहिला तरी अपाय सांचत जातो. कांदा शिजविला, तळला किंवा वाळवून त्याची पूड केली, तरी त्याचा हा गुण जात नाहीं. लसूण तर वजनास वजन धरल्यास कांद्याहूनही कडक. शिवाय लक्षणें लगेच दिसत नाहींत. हिरड्या पांढुरक्या पडणें, दम लागणें, लघवी गडद होणें, हें सारें कांहीं दिवसांनीं दिसूं लागतें, आणि तोंपर्यंत कांदेनवमीच्या भज्यांची आठवण कोणास राहिलेली असणार? आषाढ शुद्ध नवमीस आपण चातुर्मासापूर्वींची हौस भागवून घेतों. त्या दिवशीं कुत्र्यास स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवणें हेंच त्याच्यावर उपकार करणें होय.

दुसरा धडा नव्या फडताळाचा. ‘साखरविरहित’ म्हणून जीं चघळण्याचीं गोंदें, वड्या व कांहीं परदेशी शेंगदाण्याचें लोणी मिळतें, त्यांत कधीं कधीं झायलिटॉल नांवाचा गोड पदार्थ असतो. माणसास तो निरुपद्रवी. पण कुत्र्याच्या पोटांत गेला कीं त्याच्या शरीरांत इन्शुलिनचा लोंढा सुटतो, अर्ध्या-एक तासांत रक्तांतील साखर कोसळते, आणि प्रमाण अधिक असल्यास यकृतही बिघडतें. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस एक दशांश ग्रॅम एवढ्यानेंही भय उत्पन्न होतें. म्हणून खाऊंत विकतचें शेंगदाण्याचें लोणी घालावयाचें असल्यास डब्यावरचीं बारीक अक्षरें आधीं वाचावींत. चॉकलेट व कोकोची पूड यांतील थिओब्रोमाईन हें द्रव्य कुत्र्याच्या शरीरांतून इतकें सावकाश बाहेर पडतें, कीं अर्धा दिवस उलटला तरी निम्म्याहून अधिक तसेंच असतें; चॉकलेट जितकें काळें व कडू, तितकें तें अधिक घातक. चहा-कॉफींतील कॅफीन त्याचेंच भावंड. चहाचा चोथा गुलाबाच्या कुंड्यांत टाकण्याची पुष्कळांस संवय असते. ज्या घरीं कुत्रा असेल त्यांनीं तो मातीखालीं नीट पुरावा. श्रीखंडांतील चिमूटभर जायफळानें सहसा अपाय होत नाहीं. परंतु जायफळ अधिक गेल्यास कुत्र्यास तें बाधतें, म्हणून खाऊंत सुवासासाठीं जायफळ घालण्याचा मोह टाळावा. फुगत असलेलें कच्चें आंबवण, आंब्याची कोय, मक्याचें बोंड, सफरचंदाच्या बिया, तळणीचें तेल आणि खारट पापड-फरसाण, हीं सारीं त्या तक्त्यांत आहेत. कोणी आंतडें अडवितें, कोणी स्वादुपिंड सुजवितें.

तिसरा धडा आमच्या मुळशीच्या पावसाचा आहे, आणि माझ्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. कारण तो कुत्र्याइतकाच माणसासही लागू आहे. चार महिने भिंतींना ओल असते, धान्यास वास येतो, शेंगदाण्यास बुरशी धरते. या बुरशींपैकीं एक जात अफ्लाटॉक्सिन नांवाचें यकृतघातक विष तयार करते, आणि भाजल्यानें किंवा शिजविल्यानें तें विश्वासानें नाहीसें होत नाहीं. १९७४ सालीं गुजरातेंतील पंचमहाल आणि राजस्थानांतील बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत अवेळीं पावसानें भिजलेला, बुरशी आलेला मका खाण्यांत आल्यानें काविळीची मोठी सांथ उद्भवली. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्याच घरांतील, तेंच अन्न खाणाऱ्या कुत्र्यांसही तोच विकार होऊन तीं मेलीं. धनी आणि कुत्रा एकाच कणगीवर जगतात, याचा याहून भयंकर पुरावा कोणता? ‘बुरसटलेलें आहे, माणसांना नको, कुत्र्याला घाला’ हें वाक्य म्हणूनच घराघरांतून हद्दपार झालें पाहिजे. जें धान्य आपण टाकून देण्याच्या लायकीचें समजतों, तें कुत्र्याच्याही लायकीचें नव्हे. आमच्या घरीं पावसाळ्यांत खाऊंत शेंगदाणे मुळींच घालीत नाहींत. इतर ऋतूंतही सुरकुतलेले, काळे पडलेले किंवा खवट दाणे निवडून फेंकून देतों.

इतकें वर्ज्य सांगितल्यावर ‘मग त्या बिचाऱ्यानें खावें तरी काय?’ असा प्रश्न साहजिकच येईल. सुदैवानें उत्तर सोपें आणि आपल्या कोठारांतच आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज खरा. पण माणसाच्या उंबऱ्याशीं हजारों वर्षें राहून त्याचें पोटही बदललें आहे. स्वीडनमधील उपसाला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखवून दिलें, कीं पिष्टमय अन्न पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या कितीतरी अधिक आढळतात. भाकरतुकड्यावर राखण करण्याचा त्याचा आपला करार असा त्याच्या रक्तांत लिहिला गेला आहे! नाचणी, तांदूळ, ज्वारी, बाजरी, वरई, उकडलेला लाल भोपळा, रताळें, गाजर, थोडें केळें, बिया काढलेलें सफरचंद, गोड्या ताकाचा थोडा शिडकावा, आणि ज्यांच्या घरीं चालतें त्यांच्याकडे उकडलेलें अंडें, एवढे जिन्नस बहुतेक निरोगी कुत्र्यांस मानवतात. दूध मात्र वाढलेल्या कुत्र्यांपैकीं पुष्कळांस पचत नाहीं.

आमच्या खाऊची कृति अशी: नाचणीचें पीठ दोन वाट्या, तांदळाचें पीठ एक वाटी (आम्ही आंबेमोहोराची कणी धुऊन वाळवून दळतों), साल काढून उकडून कुस्करलेला लाल भोपळा सुमारें एक वाटी, आणि तेल एक चहाचा चमचा. मीठ नाहीं, साखर-गूळ नाहीं, सोडा नाहीं, मसाला नाहीं. भोपळा शिजविण्यापूर्वीं त्याचा कण जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास तो माणसांसही घातक असतो, कुत्र्यास तर देऊंच नये. भोपळ्याच्या ओलाव्यांतच पीठ घट्ट मळावें, लागल्यास चमचाभर पाणी घ्यावें, जाड पोळी लाटून बोटाच्या पेराएवढ्या शंभरएक वड्या पाडाव्या. भट्टी असल्यास १६० अंशांवर ३० ते ३५ मिनिटें भाजाव्या. नसल्यास जाड तव्यावर मंद आंचेवर झांकण ठेवून दोन्ही बाजूंनीं भाजून मग उघड्या तव्यावर कडक होऊं द्याव्या. पूर्ण निवाल्यावरच कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या. उन्हाळ्यांत त्या आठवडाभर टिकतात; पावसाळ्यांत आम्ही निम्म्या प्रमाणांत करतों व तीन-चार दिवसांत संपवितों. मऊ पडलेली किंवा वास बदललेली वडी फेंकून द्यावी. तींत हळहळ करूं नये.

आतां प्रमाणाविषयीं. खाऊ हें जेवण नव्हे. दिवसाच्या एकूण अन्नाच्या एक दशांशाहून अधिक खाऊ असूं नये, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. १६ किलोच्या कुत्र्यास दिवसास सुमारें ९०० कॅलरी पुरतात; त्यांचा दशांश म्हणजे ९०. वरील एका वडींत १२-१३ कॅलरी असतात. म्हणजे दिवसास सात वड्या ही परमावधि. तूप लावलेली एक पोळी हीच मर्यादा ओलांडते! आमच्या घरीं लहान-थोर मिळून ११ माणसें. प्रत्येकानें मायेनें ‘एवढासा तुकडा’ दिला, तर कुत्र्याच्या पोटांत ११ तुकडे जातात आणि देणाऱ्या प्रत्येकास वाटतें, मीं तर एकच दिला. एकत्र कुटुंबांतील जनावर उपाशी मरत नाहीं. तें बहुधा अति लाडानें मरतें. यावर आम्हांस सांपडलेला उपाय एकच: देणारा हात एकच असावा. तो हात कोणाचा, याबद्दल घरांत दुमत झालें नाहीं. पशुवैद्यांचा अभिप्राय ऐकल्यापासून सासूबाईंची कळी खुललीच होती; मीं खाऊचा डबा त्यांच्या ताब्यांत दिला. दुपारच्या जेवणाआधीं त्यांचा घास, सायंकाळीं त्यांच्याच हातच्या मोजून सात वड्या. इतरांनीं द्यावयाचें तें त्यांना विचारून. भिंतीवरच्या तक्त्यांत ‘चिंच’ हा शब्द राहून गेला होता. तो त्यांनींच नातवाकडून लिहवून घेतला.

इतकी काळजी घेऊनही कधीं कुत्र्यानें वर्ज्य पदार्थ खाल्ल्यास काय करावें, हेंही सांगतें. वांती करविण्यासाठीं मिठाचें पाणी पाजण्याची पुष्कळांस संवय असते. तें करूं नये, मिठाचीच विषबाधा होण्याचा संभव असतो. काय खाल्लें, किती खाल्लें, किती वाजतां खाल्लें, हें टिपून ठेवावें. वेष्टण असल्यास जवळ ठेवावें, आणि लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्यांस गांठावें. द्राक्षें, झायलिटॉल, चॉकलेट यांत पहिले दोन-चार तास लाखमोलाचे असतात. जनावरांच्या उपचारांची सोय हा आपल्या प्रांतांत नवा प्रकार नव्हे. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालींच निघालें आहे. परंतु खेड्यांत राहणाऱ्यास जवळचा दवाखाना दूरच असतो. आमच्याकडून पुण्यास जावयाचें तर पावसांत आणि सुटीच्या गर्दींत तासाचे दोन तास होतात. म्हणूनच शहरांत जी गोष्ट केवळ सावधगिरीची, ती मुळशीसारख्या ठिकाणीं जीवनमरणाची ठरते. ज्यांच्या कुत्र्यास मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा मधुमेहाचा विकार आहे, अथवा ज्यांचें पिलूं अगदीं लहान आहे, त्यांनीं वरील साधी कृतिही पशुवैद्यांस विचारूनच करावी.

कुत्र्यानें कोरडी पोळी पळविली तेव्हां नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. आजच्या पशुवैद्यांस ती सांगितली तर तुपाबद्दल ते थोडी कुरकूर करतील. पण कथेचें मर्म तुपांत नाहीं. मुक्या जीवास जें हितकर आहे तें त्यास मिळावें म्हणून त्या संताचे पाय धांवले, यांत आहे. त्या काळच्या समजुतीप्रमाणें हितकर तें तूप होतें. आज आपणांस अधिक कळतें, म्हणून आपली धांव निराळ्या दिशेस असली पाहिजे. कधीं पानांतला बेदाणा वेंचून बाजूस काढणें, कधीं पुडक्यावरचीं अक्षरें चष्मा लावून वाचणें, आणि कधीं आशाळभूत डोळ्यांकडे पाहूनही हात मागें घेणें, हाच आजचा श्वानबलि. मागतां येतें पण निवडतां येत नाहीं, अशा जीवासाठीं निवडण्याचें काम गृहिणीकडे आलें आहे. तें तिनें घरच्या लेंकरांच्या पथ्याइतक्याच आस्थेनें करावें, एवढीच वाचकभगिनींस विनंति.